५० मीटर प्रोनसाठी स्पॉटिंग स्कोपचा स्टँड: ट्रायपॉड घ्यावा की उभ्या दांड्याचा?

आडवा_नेम:
नमस्कार. गेले वर्षभर मी .२२ रायफलने ५० मीटर प्रोनचा (पोटावर झोपून नेमबाजीचा) सराव करत आहे. आमच्या रेंजवर अजून कागदी टार्गेटच आहेत, त्यामुळे गोळी कुठे लागली हे कळण्यासाठी स्पॉटिंग स्कोपला (टार्गेटवरची भोके पाहायच्या दुर्बिणीला) डोळा लावण्यावाचून गत्यंतर नाही. माझा स्कोप ६० मिमी भिंगाचा, २० ते ६० पट मोठे दाखवणारा आणि ४५ अंशांत वळलेल्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) आहे. तो मी घरातल्या फोटोग्राफीच्या ट्रायपॉडवर बसवतो. ट्रायपॉड पूर्ण मिटवला तरी आयपीस डोळ्याच्या वीतभर वर राहतो, म्हणून प्रत्येक गोळीनंतर चीकपीसवरून (रायफलवर गाल टेकवायच्या भागावरून) गाल उचलून मान वर करावी लागते. शिवाय फोकसच्या चाकाला बोट लागले की चित्र इतके थरथरते की भोक आठच्या कड्यात आहे की नऊच्या, हे ठरवण्यासाठी काही क्षण थांबावे लागते. पुढे थ्री पोझिशन्सकडे (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेमबाजीकडे) वळायचे आहे. अशा वेळी नवा, जड ट्रायपॉड घ्यावा, की ज्येष्ठ नेमबाज वापरतात तसा उभ्या दांड्याचा स्टँड घ्यावा?

बिडाचा_पाया:
उभ्या दांड्याचा घ्या. मात्र तो घेण्यापूर्वी दोन गोष्टी घरीच करून पाहा, कारण तुमची निम्मी अडचण स्टँडची नसावी असे मला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, तुमच्या स्कोपला फिरणारी कॉलर (स्कोपला धरणारे कडे) असेल, तर तिचा स्क्रू सैल करून स्कोप स्वतःभोवती फिरवा, म्हणजे वर पाहणारा आयपीस आडवा होऊन तुमच्या चेहऱ्याकडे वळेल आणि त्याची उंचीही खाली येईल. दुसरी गोष्ट, ६० पट मोठे करून पाहणे सोडा. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते आणि .२२ च्या गोळीचे भोक साधारण ५.६ मिमीचे, म्हणजे २० ते २५ पट मोठे केलेले चित्र पुरते. स्कोप जितके पट मोठे दाखवतो तितक्याच पटीने थरथरही मोठी दिसते. त्यात ६० मिमी भिंगातून २० पटीला बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ३ मिमी रुंद असतो, तर ६० पटीला जेमतेम १ मिमी. एवढ्याशा झोतात डोळा नेमका आणण्यासाठी मान आणखी हलवावी लागते.

आता स्टँडविषयी. स्कोप अंशाच्या शंभराव्या भागाइतका जरी डुलला, तरी ५० मीटरवर नजर सुमारे ९ मिमी सरकते, म्हणजे भोकाच्या व्यासाहून जास्त. फोटोग्राफीच्या हलक्या ट्रायपॉडचा मधला दांडा आणि प्लास्टिकचे डोके एवढे डुलणे सहज करतात. जाड दांडा, जड पाया आणि दांड्यावर वरखाली सरकणारा क्लॅम्प असला की आयपीस हवा त्या उंचीवर आणता येतो. उजव्या हाताने नेम धरत असाल, तर पाया मॅटच्या बाहेर डावीकडे ठेवा. डाव्या कोपराचा किंवा मॅटचा त्याला स्पर्श होता कामा नये, नाहीतर तुमचा श्वाससुद्धा स्कोपमध्ये दिसेल.

लेथवाला:
वरील प्रतिसादाशी सहमत. आयात केलेला स्टँड महाग वाटत असेल, तर तो वर्कशॉपमध्ये करून घेता येतो. मी माझा तसाच करून घेतला. २५० × २५० मिमी आकाराची, १२ मिमी जाडीची लोखंडी प्लेट सुमारे ५.९ किलोची होते आणि २० मिमीचा १ मीटर ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी गज) सुमारे अडीच किलोचा. माझ्या पहिल्या स्टँडला मी पैसे वाचवायला १६ मिमीचा बार लावला होता आणि ती चूक महागात पडली, कारण दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो; १६ ऐवजी २० मिमी घेतल्यास तो जवळजवळ अडीचपट होतो. उलट तेवढ्याच भाराखाली लांबी दुप्पट केली, की दांडा आठपट वाकतो. थ्री पोझिशन्समध्ये नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग असा क्रम असतो आणि स्टँडिंगसाठी आयपीस उभ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत न्यावा लागतो, त्यामुळे हा हिशेब तुम्हाला आजच करून ठेवावा लागेल. प्रोनसाठी अखंड आखूड दांडा ठेवा आणि वरचा तुकडा वेगळा जोडा. जोडाच्या ठिकाणी दोन्ही दांड्यांची सपाट तोंडे एकमेकांवर पूर्ण टेकली पाहिजेत, भार नुसत्या आट्यांवर नको. स्कोपसाठी बहुधा पाव इंची, इंचाला २० आटे असलेला स्क्रू लागतो, पण आधी स्वतःच्या स्कोपचे छिद्र तपासा आणि मगच टर्नरला सांगा. पावसाळ्यापूर्वी प्लेटला रंग आणि बारला तेलाचा हात द्यायला विसरू नका.

उघड्यावरची_रेंज:
माझे मत थोडे वेगळे आहे. सिमेंटच्या फायरिंग पॉइंटवर सपाट प्लेट उत्तम, परंतु आमच्याकडे गवत आणि माती आहे आणि तिथे चौकोनी प्लेट कायम एका कोपऱ्यावर डुगडुगते. तीन पायांचा बुटका आणि जड पाया कुठेही टेकतो. त्यातही स्कोपचा आडवा हात (दांड्यापासून स्कोपपर्यंत जाणारा आडवा भाग) ज्या बाजूला येतो, नेमका त्याच बाजूला एक पाय असू द्या. हात दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आला, तर स्टँड स्कोपसकट कलंडतो. हात शक्य तितका आखूड ठेवा.

आडवा_नेम:
सर्वांचे मनापासून आभार. काल कॉलर सैल करून आयपीस आडवा केला आणि २५ पटीला पाहिले, तेव्हा मान उचलावी लागली नाही. थरथर मात्र कमी झाली तरी पूर्ण गेली नाही. आमचा फायरिंग पॉइंट सिमेंटचा असल्यामुळे प्लेट आणि २० मिमीचा बार करायला टाकत आहे. एकच शंका उरली आहे: मे महिन्याच्या दुपारी टार्गेटवर जे पाणी हलल्यासारखे दिसते, तो दोष स्टँडचा की उन्हाचा?

बिडाचा_पाया:
तो उन्हाचा, त्याला मिराज म्हणतात. स्टँड डुलत असेल तर टार्गेटची कड अख्खी हलते. मिराजमध्ये कड जागेवर राहून तिच्यावरून लहरी वाहतात. फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणला, तर त्या लहरी कुठल्या बाजूला वाहतात यावरून वाऱ्याचा अंदाज येतो, पण त्यासाठी स्कोप स्थिर हवा. म्हणून आधी बार बसवून घ्या.