जुन्या वाचनालयाची इमारत : साल आणि ओल

प्रश्न : आपलं कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 मध्ये 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणून सुरू झालं. मग अशा संस्थेची इमारतही त्याच सालची धरायची का? दुसरं, काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीला ओल आली तर दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरून चालतील का?

उत्तर 1 : साल तसं धरू नका. आधी संस्था, मग देणग्या, मग इमारत, बहुधा असाच क्रम असायचा. कोनशिला पाहा, पण ती पायाभरणीची की उद्घाटनाची हे नीट वाचा; दोन्हींत काही वर्षांचा फरक पडतो. मग जुने जमाखर्च काढा. चुना, सागवान, गवंड्यांची मजुरी ज्या वर्षी दिसते, ते खरं साल.

उत्तर 2 : सिमेंट अजिबात नको! चुन्याच्या भिंतीतलं पाणी दर्जांतूनच बाहेर पडतं. ती वाट बंद झाली की ते आत साठतं, क्षार फुलतात, गिलावा सुटतो, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटांतल्या पुस्तकांना बुरशी धरते. जुना ठिसूळ चुना 20-25 मिमी खोल हाताने, छिन्नीने उकरा. दर्ज ओली करून 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू दाबून भरा. आठवडाभर ओलं गोणपाट लावा. कडक उन्हात भरलं तर तडे जातात.

उत्तर 3 : त्याआधी पन्हळ आणि कौलं तपासा. वरून गळत असेल तर खालचं काम वाया. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या.