स्थलांतरितांना नोकरी: आधी भाषा, की मिळेल ते काम?

खडूफळा
आमच्या गटाकडे देशात नवीन आलेले बेरोजगार लोक येतात. बरेचसे शिकलेले आहेत, तरी अर्जांना उत्तरच येत नाही. त्यांना आधी भाषावर्गाला घालावं की मिळेल त्या कामाला लावावं?

तिसरी_घंटा
दोन्ही एकदम. पण त्याआधी कामाचा परवाना नीट वाचा. तास, मालक, व्यवसाय यांपैकी कशावर बंधन आहे? मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, नाहीतर मालक तेवढ्यावरूनच अर्ज बाजूला ठेवतो.

मग व्यवसाय पाहा. नर्स, शिक्षक यांना बहुतेक देशांत स्थानिक परवाना लागतो. प्रोग्रॅमरला सहसा नाही. मान्यता येईपर्यंत त्याच क्षेत्रातली खालची पायरी धरायला सांगा, म्हणजे नर्सने रुग्णसेवकाचं काम. गोदामात रात्रपाळीला लागलेला माणूस दमतो, वर्ग बुडवतो आणि तिथेच अडकतो. पदवीवर आधी अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मूळ देशातलं सरकार देतं ते प्रमाणपत्र), मग अधिकृत भाषांतर. उलट केलंत तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि पुन्हा पैसे जातात. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा.

कोरा_कागद
उत्तर न येण्याचं कारण बरेचदा बायोडेटात असतं. जुन्या पदनामाचं शब्दशः भाषांतर करू नका. तिथल्या दहा जाहिराती वाचा आणि ज्याचं काम जुळतं ते पदनाम लिहा. परदेशातल्या जुन्या साहेबाला सहसा कोणी फोन करत नाही, म्हणून आठवड्याला एक-दोन दिवस, ४ ते ६ आठवडे स्वयंसेवा करवून एक स्थानिक संदर्भ, म्हणजे कामाची खात्री देणारा माणूस, मिळवा. मात्र दुकान-कारखान्यातली बिनपगारी ‘ट्रायल’ म्हणजे स्वयंसेवा नव्हे.

खडूफळा
मूळ देशातून कागद आणताच येत नसतील तर?

तिसरी_घंटा
निर्वासितांसाठी १९९७च्या लिस्बन करारात, म्हणजे परदेशी उच्चशिक्षण मान्य करण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, सोय आहे (कलम ७): कागद नसले तरी शिक्षण तपासण्याची पद्धत सदस्य देशांनी ठेवायची. अभ्यासक्रम, वर्षं, विषय आठवून सविस्तर लिहून ठेवायला सांगा, शिक्षण तपासणाऱ्या मुलाखतीत तेच विचारतात. सुतार, वेल्डर यांच्यासाठी प्रात्यक्षिक चाचणी कुठे होते ते शोधा.

जमाखर्च
पगार सुरू झाला की सरकारी मदत कमी होते, हे कोणी आधी सांगत नाही. हातात येणाऱ्या पगारातून प्रवास, पाळणाघर आणि घटणारी मदत वजा करा. उरतं ते खरं उत्पन्न. स्थलांतरासाठी काढलेलं कर्ज असेल तर त्याचा हप्ताही धरा. पगार बँकेत आणि पगारपत्रकासह घ्यायला सांगा, घरभाड्याच्या करारापासून परवान्याच्या नूतनीकरणापर्यंत ते मागतात. नोकरी लावून द्यायचे पैसे मागणारा किंवा पासपोर्ट ‘सांभाळायला’ घेणारा एजंट दिसला की तिथूनच परत फिरा.