मदत हवी आहे: एसटीडी कोडप्रमाणे नंबरांचे गट पाडायचे आहेत

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष व्यापाऱ्यांच्या फोन नंबरांची सीएसव्ही फाइल आहे. पायथनमध्ये पहिले चार अंक कापून गट पाडले तर नाशिक शहर (०२५३) नीट येतं, पण सिन्नर ०२५५१, निफाड ०२५५० आणि मालेगाव ०२५५४ हे तिन्ही ०२५५ मध्ये एकत्र पडतात. पाच अंक घेतले की नाशिकचेच तुकडे होतात.

सध्या कोडांची डिक्शनरी करून लांब कोड आधी तपासतोय, ते जमलंय. रिप्लेसने ९१ काढणं मात्र थांबवलं, कारण मनमाडच्या ०२५९१ मधलेही ९१ उडत होते. आता फक्त सुरुवातीचं +९१ कापतो.

खरी अडचण पुढे आहे. फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह झाली आणि सगळे पहिले शून्य गेले. २ ने सुरू होणारे दहा अंक लँडलाइनच, कारण मोबाइल ६ ते ९ ने सुरू होतात. पण यादीत काही नंबर नागपूरचेही आहेत; ते ०७१२ वाले नंबर आता ७१२ ने सुरू होतात आणि मोबाइलसारखेच दिसतात. शेजारी गावाचा कॉलम आहे, पण तो निम्मा रिकामा. अशा ओळी वेगळ्या कशा काढाव्यात? पायथन शिकायला नुकतीच सुरुवात आहे, त्यामुळे पांडाज लायब्ररीशिवाय, साध्या लूपमध्ये सांगितलंत तर बरं होईल.