मदत हवी आहे: स्वमग्न भावाच्या (वय २७) दातांचं काम भूल देऊन करायचं आहे, तयारी कशी करावी?

नमस्कार,

माझ्या धाकट्या भावाच्या दातांचं काम पूर्ण भूल देऊन करायचं ठरलं आहे. तो २७ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, मोजके शब्द बोलतो. घरी आम्ही त्याला सोनू म्हणतो. लहान मुलांच्या तयारीबद्दल बरंच वाचायला मिळतं, पण ७८ किलो वजनाच्या, मिशा फुटलेल्या माणसाची तयारी कशी करायची हे सांगणारं कुणी भेटलं नाही. ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा, उत्तर लांबलं तरी चालेल.

आम्ही साताऱ्याला राहतो. घरी आई (वय ६६), मी आणि सोनू. फेब्रुवारीत त्याने भाकरीचा पापुद्रा सोडून द्यायला सुरुवात केली, फक्त मऊ भाग खायचा. मग उजव्या गालावर तळहाताने मारणं सुरू झालं. आधी एकदोनदा, नंतर दिवसाला पंधरा-वीस वेळा. आम्हाला सांगण्यात आलं की हा वागण्याचा प्रश्न आहे, गोळीचा डोस वाढवा. तीन आठवडे आम्ही तेच केलं. शेवटी तो जांभई देताना आईला उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत काळं भगदाड दिसलं. तीन आठवडे माझा भाऊ दुखतंय म्हणून सांगत होता आणि आम्ही त्याला गप्प करायचं औषध देत होतो. हे मनातून जात नाही.

सात वर्षांपूर्वी एका दवाखान्यात चौघांनी धरून त्याची दाढ काढली होती. तेव्हापासून लवंगेच्या तेलाचा वास आला तरी तो खोलीतून बाहेर पळतो. मसालेभातात लवंग घालणंसुद्धा आईने बंद केलं आहे. त्यामुळे 'धरून करू, दहा मिनिटांचं काम आहे' हा सल्ला कृपया कुणी देऊ नका.

आता पुण्यात एक दंतवैद्य मिळाले आहेत. त्यांनी घाई केली नाही. पहिल्या भेटीत सोनूला खुर्चीवर बसायलाही सांगितलं नाही, दारातूनच बोलले. नुसती गुंगी का नको, तेही नीट समजावलं: ड्रिलबरोबर तोंडात सतत पाणी येतं, माणूस अर्धवट गुंगीत असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दात बरेच असतील तर पूर्ण भूल आणि नाकातून नळी हेच जास्त सुरक्षित. जागेपणी एक्स-रे तो काढू देणार नाही, म्हणजे किती दात किडलेत हे भूल दिल्यावरच कळणार. म्हणून आधीच ठरवायचं आहे की कोणता दात वाचवायचा आणि कोणता काढायचा. रूट कॅनॉल एका बैठकीत होईल, पण कॅपसाठी पुन्हा यावं लागेल, आणि ते जागेपणी शक्य नाही. आईला दात काढायला नको वाटतं, मला पुन्हा भूल नको वाटते. तुमच्याकडे हा निर्णय कसा घेतलात?

आता माझा मुख्य प्रश्न. त्याला खोटं सांगून न्यायचं की खरं सांगून?

सोनूला एसटी फार आवडते. खिडकीची सीट मिळाली की दोन तास शांत बसतो. नातेवाईक म्हणतात, एसटीने फिरायला जायचंय म्हणा, तिथे सरबतातून औषध द्या, त्याला कळणारसुद्धा नाही. मला हे पटत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याची गोळी कुस्करून श्रीखंडातून दिली होती. एकदाच. तेव्हापासून तो श्रीखंड खात नाही, आणि वर्षभर माझ्या हातची कुठलीही वाटी आधी वास घेऊन मगच तोंडाला लावायचा. भूलतज्ज्ञ जे गुंगीचं औषध आधी पाजणार आहेत ते कडू असतं, त्याला कळणारच. एसटीत बसवून फसवलं तर एसटीही जाईल. त्याच्याकडे आवडीच्या गोष्टी आधीच थोड्या आहेत.

म्हणून मी चित्रं काढली आहेत, आठ कागद. घर, एसटी, दवाखान्याचं दार, कपडे बदलणे, हातावर मलम, कडू औषध, झोप, उठल्यावर ताई. दंतवैद्यांनी त्यांच्या दाराचा आणि खाटेचा फोटो पाठवला, तो चिकटवला. रोज संध्याकाळी आम्ही ते कागद उलटतो. 'कडू' या कागदावर तो बोट ठेवून माझ्याकडे बघतो. मी 'हो, कडू' म्हणते. मग तो पुढचा कागद उलटतो.

सुई टोचण्याआधी बधिर करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवतात, ती तासभर राहावी लागते. त्याचा सराव घरीच चालू केला. पहिल्या दिवशी पट्टी चार सेकंद टिकली. आता चाळीस मिनिटं टिकते, वर त्याचा जुना निळा रिस्टबँड घातला तर. सुई पायाला लावली तर चालते का? पायमोजा घातला की तो पायाकडे लक्ष देत नाही.

तारखेचं काय करायचं हेही सुचत नाही. तो रोज रात्री कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनावर फुली मारतो. एखाद्या दिवसावर चित्र चिकटवलं की ते झालंच पाहिजे. मागे लग्नाची तारीख पुढे गेली तेव्हा तो रात्री दोनपर्यंत कॅलेंडरपुढे उभा होता. शस्त्रक्रियेची तारीख ऐनवेळी बदलू शकते, सर्दी-खोकला झाला तरी भूल देत नाहीत. मग चित्र किती दिवस आधी लावू? आठवडा? आदल्या दिवशी?

उपाशी राहण्याचं: जेवण किंवा दुधाचा चहा सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल असं सांगितलं आहे. सोनूचा चहा साडेसहाला, दोन पार्ले-जी बुडवून. कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो म्हणून दर रविवारी कोरा देऊन बघतोय. पहिल्या रविवारी त्याने कप उचलला, आत पाहिलं, 'दूध' म्हणाला आणि कप माझ्या हातात परत दिला. तिसऱ्या रविवारी अर्धा प्यायला. पहिला नंबर मिळावा म्हणून विनंती केली आहे. पण सकाळी साडेसातला पुण्यात पोचायचं तर साताऱ्याहून पहाटे चारला निघावं लागेल, किंवा आदल्या रात्री मावशीकडे राहायचं. परक्या घरी तो झोपत नाही. तुम्ही काय केलं असतं?

औषधं: फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे, शेवटची फिट चार वर्षांपूर्वी. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली आहे. या गोळीने प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, आणि दात काढायचे म्हणजे रक्तस्राव आलाच, म्हणून ती तपासणी आधी हवी. रक्त काढणं हीच मोठी लढाई आहे. कुणाच्या बाबतीत घरी येऊन, शांतपणे रक्त काढलं गेलं का? बाकीच्या वर्षभराच्या तपासण्या भूल असतानाच करून घेता येतील असं डॉक्टर म्हणाले, हे इतरांच्याही उपयोगाचं आहे म्हणून लिहिते.

कागदपत्रांत अडकलो आहोत. तो १८च्या वर असल्याने रुग्णालय आईकडे पालकत्वाचा दाखला मागतं. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडून तो मिळतो, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. अर्ज केला आहे. मधल्या काळात आईच्या सहीवर काम झालं असं कुणाचं आहे का? राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, मर्यादा एक लाख. भूल देऊन केलेल्या दातांच्या कामाचे पैसे त्यातून मिळाले असतील तर कोणती बिलं जोडली तेवढं सांगा.

शुद्धीवर येतानाची भीती सगळ्यात जास्त आहे. सलाईन उपटणं, उठून चालायला लागणं. आणि ओठ दोन-तीन तास बधिर राहिला तर तो चावून चावून रक्त काढेल, मागच्या वेळी तसंच झालं होतं. डोळे उघडताना मीच समोर असायला हवी, आठव्या कागदावर तसंच काढलं आहे. रिकव्हरीत नातेवाइकांना घेत नाहीत असं परिचारिका म्हणाल्या. यासाठी कुणाशी बोलावं, भूलतज्ज्ञांशी की दंतवैद्यांशी?

भर (रात्री): काहींनी मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयाचं आणि नायर दंत रुग्णालयाचं नाव सुचवलं, आभारी आहे. पण चार महिन्यांत सोनू या दंतवैद्यांच्या दारापासून खुर्चीपर्यंत पोचला आहे, आता जागा बदलायची नाही. शामक गोळी घरूनच देऊन निघा असंही एकांनी लिहिलं. ते भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करणार नाही, फिट्सची गोळी चालू आहे.

भूल देताना नाकातोंडावर धरतात त्या मास्कच्या सरावाबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांना एक विचारायचं आहे. मास्क मागवला आहे, सोनू तो हातात घेतो, गालाला लावतो, नाकावर आणला की बाजूला करतो. तुमच्या मुलाला नाकापर्यंत यायला किती दिवस लागले, आणि तोवर तुम्ही मास्क रोज दाखवत होतात की मधे सुट्टी देत होतात?