आदिवासी इतिहासाचा पायाभूत पेपर : 30 तास कसे वापरावेत?

नवा_पेपर
बी.ए. प्रथम वर्षाला महाराष्ट्रातील आदिवासींचा इतिहास आणि दृष्टिकोन यावर 2 श्रेयांकांचा पेपर शिकवायचा आहे. 15 आठवडे, आठवड्याला 2 तास. वर्गात साठेक मुलं, त्यांत नंदुरबार-पालघरकडची काही आदिवासी मुलंही आहेत. सध्या एकेका जमातीला एकेक आठवडा दिलाय : भिल्ल, वारली, गोंड, कातकरी. हे चालेल का? क्षेत्रभेट ठेवावी का?

रानवाट
जमातवार आठवडे नकोत. राज्यात चाळीसहून अधिक अनुसूचित जमाती आहेत. चार घेतल्या की बाकीच्या गळतात आणि प्रत्येक तास पेहराव, सण, लग्नविधींवर घसरतो. मग काळात गोठलेला समाज तेवढा मुलांच्या लक्षात राहतो.

जंगलाला सलग चार आठवडे द्या. 1878 चा वन कायदा, राखीव जंगलं, दळी शेती (डोंगरउतारावरची झाडी तोडून-जाळून केलेली फिरती शेती) आणि राबासाठीच्या (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठीच्या) फांदीतोडीवर आलेले निर्बंध, 1927 चा कायदा, मग जंगलात राहणाऱ्यांचे जमीन-जंगलावरचे हक्क मान्य करणारा 2006 चा वनहक्क कायदा. कलमं पाठ करून घेऊ नका. पाच-पाच जणांच्या गटाला एका काल्पनिक पाड्याचा या कायद्याखालचा सामूहिक दावा तयार करायला लावा. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे जातो. एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथन, देवस्थान, दफनभूमी, जुनी विहीर हे सगळं नियमांनुसार पुरावा ठरतं. मौखिक इतिहासाचं वजन इथे जसं कळतं तसं कुठल्याही व्याख्यानाने कळत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हक्क मिळाला, तो नमुना म्हणून घ्या.

दप्तरखाना
वरच्याशी सहमत. भर साधनांबद्दल. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमधली (इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातली) भिल्लांवरची दोनच पानं वाटा. कोणी लिहिलं, कोणत्या कामासाठी, कोणाला विचारलंच नाही, हे तीन प्रश्न पुरतात. दोनापेक्षा जास्त पानं दिली तर मुलं वाचत नाहीत आणि तास सारांशात जातो.

उठावांची फक्त फाशीच्या तारखांची यादी होते, हा नेहमीचा घोळ. राघोजी भांगरे (फाशी 1848), बाबुराव शेडमाके (फाशी 1858) जरूर शिकवा, पण 1922 ची देवी चळवळही घ्या. तिथे दारू-ताडी सोडणं हाच सावकार आणि दारूविक्रेत्यांविरुद्धचा लढा होता. 1945 च्या वारली लढ्यात वेठ (जमीनदाराकडची बिनमोबदला सक्तीची मजुरी) आणि लग्नगडी पद्धत (लग्नासाठीच्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणं) आधी समजावा. नाहीतर किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांचं नाव राहतं आणि पाड्यापाड्यांत उभे राहिलेले वारली नजरेआड होतात.

पाड्यावरची
वर्गातल्या आदिवासी मुलांना "तुमच्यात कसं असतं?" असं सगळ्यांसमोर कधीही विचारू नका. नंदुरबारकडच्या पावरा घरातल्या मुलीला मेळघाटातल्या कोरकूंबद्दल माहिती असण्याचं काही कारण नाही. कोरकू भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, गोंडी-कोलामी द्रविड, भिली इंडो-आर्यन : हा भाषांचा नकाशा पहिल्याच आठवड्यात लावा, म्हणजे सगळे एकच हा समज तिथेच मोडेल.

साठ जणांची बस पाड्यावर नेऊ नका. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय पुरे, पण प्रत्येकाला एक वस्तू नेमून द्या : कोणी केली, आज वापरात आहे का, पाटीवर काय सुटलंय. गावात जायचंच तर आधी ग्रामसभेची परवानगी, दहा-बारा जण, भातलावणी-कापणीचे दिवस टाळून, आणि लिहिलेलं गावाला परत दाखवायचं. आदिवासी वक्त्याला बोलावलंत तर विषय त्यांनाच ठरवू द्या. मानधन आणि प्रवासखर्च इतर पाहुण्यांइतकाच द्या, आणि त्याची मंजुरी सत्र सुरू होण्याआधीच घेऊन ठेवा.