मदत हवी आहे : कोपीतच बाळंत झाली, बाळ फार बारीक आहे

ऊसवाला : वाळवा तालुका. आमच्या उसाच्या फडात आलेल्या ऊसतोड टोळीतली एक पोरगी परवा रात्री कोपीतच (पाचटाच्या झोपडीत) बाळंत झाली. बीडकडची माणसं. बाळ नीट दूध ओढत नाही. तिचं माता-बाल कार्ड गावाकडं राहिलंय, इथल्या आशाताईंच्या यादीत नाव नाही. लवकर सांगा काय करायचं.

निवृत्त_सिस्टर : वजन किती? कितवा महिना? हातपाय गार आहेत का?

आटपाडीकर : आधी मातृवंदना योजनेचा फॉर्म भरा. पहिल्या बाळाला ५,००० मिळतात. आधार, पासबुक लागेल.

ऊसवाला : काटा नाही. दोन किलोचंही वाटत नाही. आठवा सरला नव्हता म्हणतात. तळपाय गार.

कराडची_काकू : कोपीत शेगडी ठेवा, ओव्याची धुरी द्या, गूळपाणी चाटवा. माझी तिन्ही अशीच वाढली.

निवृत्त_सिस्टर : काकू, गूळपाणी नको, धूर तर नकोच. पाचटाच्या कोपीत शेगडी? ऊसवाला, आत्ताच १०८ लावा. तोवर टोपी आणि लंगोट ठेवून बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं धरा, वरून लुगड्यानं बांधा, नाक मोकळं ठेवा. गिळत असेल तरच आईचा चीक चमच्यानं थेंब थेंब. आणि आईचं कुणीच विचारलं नाही! ताप आहे? अंगावरून जास्त जातंय? कार्ड नसलं तरी सरकारी दवाखान्यात दोघांचं मोफत होतं, २०११ पासून. जिल्हा कुठलाही असो.

माणदेशी : मूळ दुखणं उचलीचं, म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमानं आधीच दिलेल्या पैशांचं आहे. त्यांच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई बसली की खाडा लागतो, पैसे कापतात, म्हणून आठव्यातही डोक्यावर मोळी.

आटपाडीकर : धागा भरकटवू नका.

माणदेशी : भरकटवत नाही. मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई मी रोज बघतो.

ऊसवाला : गाडी आली. वजन १ किलो ७०० भरलं, सांगलीला नवजात कक्षात ठेवलंय. बाईला ताप होता, सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. आता मुकादमाचे फोन चालू झालेत. नवरा म्हणतो चार दिवसांत परत आणतो. आणू द्यावं का?

निवृत्त_सिस्टर : अजिबात नाही. बाळ स्वतः ओढायला लागून वजन रोज वाढतंय हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच. परत आल्यावर आशाताईंना कोपी दाखवून ठेवा, ४२ दिवसांपर्यंत त्यांच्या भेटी असतात. मुकादमाचा नंबर मला खाजगी निरोपात पाठवा. मी बोलते.