प्रकाश चढताना दमतो का?

राजारामपुरीकर : "पृथ्वीवरून वर चढताना प्रकाश दमतो, म्हणून त्याची वारंवारता घटते," असे काल येथे एका सदस्याने लिहिले. वारंवारता म्हणजे सेकंदाला मोजल्या जाणाऱ्या लहरींची संख्या. ते वाचून राहवले नाही. निघालेली प्रत्येक लहर वर पोहोचते, वाटेत एकही हरवत नाही. परंतु वरचे घड्याळ खालच्यापेक्षा किंचित जलद चालत असल्यामुळे त्याच्या एका सेकंदात कमी लहरी मोजल्या जातात. पन्हाळ्यावर आण्विक घड्याळ ठेवले, तर ते रंकाळ्याकाठच्या घड्याळापेक्षा दिवसाला काही अब्जांश सेकंद पुढे जाईल.

शिवाजी पेठ : ते वाक्य माझेच आहे. 'दमतो' हा शब्द मागे घेतो, पण वर चढताना प्रकाशाची ऊर्जा घटते, म्हणून वारंवारता घटते, हा ऊर्जेचा हिशेब चुकीचा कसा? पाउंड आणि रेबका या भौतिकशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये हार्वर्डच्या मनोऱ्यात, सुमारे 22.5 मीटर उंचीच्या फरकावर, गॅमा किरणांच्या वारंवारतेतील जो बदल मोजला, तो या रीतीने दोन ओळींत निघतो. तीस वर्षे शिकवणीत हेच शिकवले आणि मुलांची उत्तरे बरोबर आली.

राजारामपुरीकर : उत्तर येते, हे मान्य. आता प्रकाशाला न्यूटनच्या नियमाने पडणारा कण समजून सूर्याला खेटून जाणाऱ्या किरणाचे वळण काढा, 0.87 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) येईल. 1919 च्या खग्रास ग्रहणातील मोजणीने मात्र आइन्स्टाइनच्या 1.75 विकलांना दुजोरा दिला. राहिलेला अर्धा भाग अवकाशाच्या वक्रतेचा आहे, आणि तो आपल्या दोन ओळींत कोठेच नाही.

मंगळवार पेठ : ग्रहणाचा विषय निघालाच आहे, तर सांगते. 16 फेब्रुवारी 1980 रोजी खग्रास पट्टा शेजारच्या कर्नाटकातून गेला आणि आम्हाला घरात कोंडले होते. आईने पाण्याच्या घागरीत तुळशीपत्र टाकले होते. दाराच्या फटीतून भिंतीवर उमटलेली सूर्याची कोर तेवढी मी पाहिली. प्रकाशाचे वळण ज्या ग्रहणात मोजतात, तेच आपल्या मुलांना पाहू दिले जात नाही, याचा मला आजही संताप येतो.

जुना बुधवार : ताई, आईला दोष देऊ नका. त्या दिवशी आमच्या शाळेनेच सुट्टी दिली होती. एकाही शिक्षकाने पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्य दाखवला नाही.

मंगळवार पेठ : दोष आईला नाहीच, मौन बाळगणाऱ्या शिक्षकांना आहे.

शिवाजी पेठ : सरसकट शिक्षकांवर घसरू नका. 1995 च्या ग्रहणात मी स्वतः गच्चीवर पोरे जमवून कागदावर सूर्याची प्रतिमा दाखवली होती. राजारामपुरीकर, वळणाचा मुद्दा आपला खरा आहे, तेथे माझी रीत अपुरी पडते. जीपीएस उपग्रहांची घड्याळे गुरुत्वामुळे दिवसाला सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे 7 मागे पडतात, हे मीच मुलांना सांगतो. तेव्हा यापुढे धडा घड्याळांपासून सुरू करीन. मात्र ऊर्जेच्या त्या दोन ओळी फळ्यावरून पुसणार नाही.